खुर्चीच्या आधीचा फळा

जूनचा दुसरा आठवडा संपत आला की पनवेलला दोन गोष्टी बरोबरच येतात, पाऊस आणि शाळा. टपाल नाक्यापासून पुढे वह्यांच्या दुकानांसमोर छत्रीला छत्री लागते, रिक्षा मुलांनी खच्चून भरून जातात आणि दाखल्याची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत जपत आईबाप शाळांच्या कचेऱ्यांबाहेर बाकांवर बसलेले दिसतात. अशा बाकावर आपण सगळेच कधी ना कधी बसलेलो आहोत. वेळ जाता जात नाही, म्हणून माणूस भिंती वाचू लागतो. जुन्या शाळेत त्या भिंतीवर बहुधा एक लाकडी फळा असतो. वर ठळक अक्षरांत ‘आजवरचे मुख्याध्यापक’, खाली नावे, नावांपुढे पदव्या आणि कोणी कधीपासून कधीपर्यंत खुर्ची सांभाळली त्या तारखा.

असा फळा मी नेहमी आदराने वाचतो. पण वाचून झाला की काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. या यादीतला प्रत्येक जण खुर्चीत बसण्याआधी कुठल्या तरी वर्गात खडू घेऊन उभा होता. कोणता वर्ग होता तो? पहिलीचा की दहावीचा? वाडीवरचा की शहरातला? त्या वर्गातल्या मुलांनी त्याला काय शिकवले? त्या पहिल्या चार-सहा वर्षांची नोंद या फळ्यावर नसते. सेवापुस्तकात असली तरी ती एका ओळीत उरकलेली असते. आणि माझे म्हणणे असे आहे, की पुढे मुख्याध्यापक कसा निघणार हे बऱ्याच अंशी त्या एका ओळीतच ठरून गेलेले असते.

काउंटरच्या अलीकडून

मी शिक्षक नव्हे. माझी सारी नोकरी बँकेत गेली. पण जिल्ह्यातल्या लहान गावांच्या शाखांत ज्याने दिवस काढले त्याला शाळा जवळून पाहायला मिळतात. अशा गावात दर महिन्याला ठरलेला पगार घेणारा माणूस म्हणजे गुरुजी. शाळेचे खाते आपल्याकडे, पगारबिल आपल्याकडे, मुलांच्या शिष्यवृत्तीची खातीही आपल्याकडेच. त्यामुळे मुख्याध्यापक नावाचा प्राणी मी काउंटरच्या अलीकडून बरीच वर्षे न्याहाळला.

आमच्या खात्यातही एक रीत होती. नव्या अधिकाऱ्याला आल्या आल्या केबिन मिळत नसे. आधी लेजरवर बसायचे, मग क्लिअरिंग, मग रोकड, मग कर्जाच्या फायली. तेव्हा आम्हाला तो वेळेचा अपव्यय वाटे. पदवी घेऊन, परीक्षा देऊन आलो ते काय पासबुके भरायला, असे आम्ही आपसात बोलत असू. त्या रीतीची किंमत पुढे कळली. संध्याकाळी रोकड जुळली नाही म्हणजे कॅशियरच्या पोटात काय होते, हे ज्याने स्वतः भोगलेले असते तो मॅनेजर आधी चहा मागवतो आणि मग बंडले पुन्हा मोजायला त्याच्या शेजारी बसतो. ज्याने ते भोगलेले नसते तो आधी लेखी खुलासा मागवतो. नियमाने दोघेही बरोबर असतात. पण शाखा कोणाची चालते, हे सांगायला नको.

शाळांच्या बाबतीत मला हाच फरक दिसला. एकदा आसपासच्या आदिवासी वाड्यांतल्या मुलांची शिष्यवृत्तीची खाती उघडायची होती. एका शाळेकडून शिपायाच्या हाती अर्जांचा गठ्ठा आला. निम्म्या अर्जांत नावे जुळत नव्हती. आम्ही ते परत पाठवले. आठ दिवसांनी तोच गठ्ठा, त्याच चुकांसह, नव्या आवकजावक क्रमांकाने पुन्हा आला.

दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः आले. त्यांच्याही अर्जांत गोंधळ होताच. बहुतेक मुलांची जन्मतारीख एक जून. खेड्यापाड्यांत शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की एक जून लिहून मोकळे होण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. पण या गुरुजींना प्रत्येक अर्जामागचे मूल माहीत होते. याचे नाव शिधापत्रिकेवर वेगळे आहे, कारण ते आजोबांनी ठेवलेले. हिची आई अंगठा करील, पण तिला सोमवारी बोलवा, मंगळवारी तिचा बाजार असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांचा एकच आग्रह होता, खाती दिवाळीच्या आत उघडून द्या. मी कारण विचारले. ते म्हणाले, “साहेब, दिवाळीनंतर आमचे निम्मे पालक वीटभट्ट्यांवर जातात. मग सही कोणाची घेणार?”

त्यांच्या शाळेत चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. नोकरीची पहिली सहा वर्षे त्यांनी कातकरी वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत काढली होती. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडावी आणि समोरच्या बसकरपट्ट्या रिकाम्या दिसाव्यात, असे सहा वेळा झाले होते. पुढे मोठी शाळा मिळाली, खुर्ची मिळाली, पण त्यांचे वर्ष मात्र कायमचे त्या रिकाम्या पट्ट्यांच्या हिशेबाने चालू लागले. प्रवेश कधी, परीक्षा कधी, पालकांची सभा कधी, सगळे दिवाळीच्या अलीकडे. हे त्यांना कुठल्याही परिपत्रकाने सांगितले नव्हते.

चांदोरी ते कोसबाड

ही झाली एका अनामिक गुरुजींची गोष्ट. पण याच गोष्टीचे एक मोठे रूप महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात सर्वांसमोर आहे. ते म्हणजे अनुताई वाघ.

अनुताईंचे नाव घेतले की आपल्याला कोसबाडची टेकडी आठवते, आदिवासी मुले आठवतात, १९८५ साली मिळालेली पद्मश्री आठवते. म्हणजे लाकडी फळ्यावर लिहिता येईल तेवढे आपल्याला आठवते. त्याच्या आधीची सोळा वर्षे सहसा कोणी सांगत नाही. मला त्या सोळा वर्षांविषयीच बोलायचे आहे.

जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांतच वैधव्य. त्या काळात अशा मुलीचे पुढे काय व्हायचे ते ठरलेले होते. अनुताईंनी ते ठरलेले आयुष्य नाकारले. १९२५ मध्ये व्हर्नाक्युलर फायनल, मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचे शिक्षण आणि १९२९ मध्ये नोकरी. नोकरी कुठे? नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातले, गोदावरीच्या काठचे चांदोरी. एकोणीस वर्षांची विधवा मुलगी आणि खेड्यातली शाळा. १९३३ पर्यंत त्या तिथे होत्या.

मग पुण्याची हुजूरपागा. १८८४ साली स्थापन झालेली, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली ही मुलींची शाळा. नाव मोठे, शिस्त मोठी, शिक्षिकांचा ताफा शिकलेला. त्यात अनुताई व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या, मॅट्रिकसुद्धा नव्हेत. त्यांनी काय केले? दिवसा मुलींना शिकवले आणि रात्री रात्रशाळेत जाऊन स्वतः विद्यार्थिनी झाल्या. १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या.

जरा थांबून हे चित्र डोळ्यांसमोर आणा. दिवसभर फळ्यासमोर उभी राहणारी बाई रात्री बाकावर बसते आहे. दमलेल्या डोळ्यांनी अक्षरे लावते आहे. आपण शिकवतो तेव्हा समोरच्याला काय होते, याचा अनुभव तिला रोज रात्री मिळतो आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आपण पुष्कळ खर्च करतो. पण याहून चांगले प्रशिक्षण कोणते, मला ठाऊक नाही. आणि ही सवय तिथेच थांबली नाही. अनुताई पदवीधर झाल्या तेव्हा त्यांचे वय ५१ होते.

१९४५ मध्ये ग्रामसेविकांच्या एका शिबिरासाठी त्या बोरिवलीला गेल्या. तिथे त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाई बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र काढायच्या बेतात होत्या. अनुताई त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडला. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

तिथे पहिला प्रश्न आला तो असा: शाळा आहे, शिक्षिका आहेत, मुले येत नाहीत. हा प्रश्न कचेरीतून पाहिला की त्याचे उत्तर एका शब्दात मिळते, ‘अनास्था’. पालकांना शिक्षणाची अनास्था आहे. शेरा मारला, फाइल बंद. वर्गात वर्षे काढलेल्या माणसाला असा शेरा मारता येत नाही, कारण अनास्था त्याने कधी पाहिलेली नसते. त्याने पाहिलेला असतो एखादा मुलगा, जो गुरे राखायला जातो. एखादी मुलगी, जिच्या कडेवर धाकटे भावंड असते. ताराबाई आणि अनुताईंनी या मुलांना शाळेत ओढून आणण्याऐवजी शाळाच उचलून त्यांच्याकडे नेली. मुले अंगणात खेळतात ना, मग अंगणातच बालवाडी भरवायची. तीच अंगणवाडी. मुले गुरांमागे कुरणात जातात ना, मग कुरणातच शाळा. तीच कुरणशाळा. मुलीच्या कडेवर भावंड आहे ना, मग शाळेच्याच आवारात पाळणाघर आणि बालवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणणारी ती विकासवाडी. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, काड्या, माती आली.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आज भारताच्या कुठल्याही राज्यात तो कळतो. एवढा मोठा शब्द, पण त्याचा उगम एका साध्या गोष्टीत आहे, मूल कुठे असते ते जाऊन पाहण्यात.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या आणि साऱ्या संस्थेची धुरा अनुताईंवर आली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. २७ सप्टेंबर १९९२ ला त्यांचे निधन झाले. तोवर त्यांनी शिक्षिका घडवल्या, लेख लिहिले, ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन लिहिले. लोक त्यांना संस्थाचालक म्हणत. मला मात्र वाटते, चांदोरीच्या वर्गातली ती एकोणीस वर्षांची शिक्षिका त्यांच्यातून कधी उठून गेलीच नाही. खेड्यातल्या मुलाचा दिवस घड्याळावर चालत नसून घरच्या कामांवर चालतो, हे खेड्यात शिकवलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आणि शाळा नीट कशी चालते, वेळापत्रक कसे पाळतात, हे हुजूरपागेसारख्या शाळेत अकरा वर्षे राहिल्यावर हाडात भिनते. कोसबाडला या दोन्ही गोष्टी लागल्या.

आधी खुर्ची, मग जमीन

कोणी म्हणेल, मग ताराबाईंचे काय? त्यांचा प्रवास तर उलटा आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर माझ्या मुद्द्याला बळ देणारे आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. घर प्रार्थनासमाजी आणि सुधारणावादी. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. १९२१ मध्ये राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांना मिळाले. त्या काळात हिंदी स्त्रीला अशी जागा मिळणे म्हणजे केवढा मान! पगार, बंगला, हुद्दा, सगळे हाती आले होते. आणि दोन वर्षांत त्यांनी ते सोडले. कशासाठी? भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात लहान मुलांबरोबर जमिनीवर बसण्यासाठी.

गिजुभाईही मुळात वकील. वकिली सोडून ते १९२० मध्ये दक्षिणामूर्तीच्या बालमंदिरात रमले होते. त्या ठिकाणी ताराबाईंनी जे शिकायचे राहिले होते ते शिकून घेतले. तीन-चार वर्षांचे मूल एखादी वस्तू हातात घेऊन किती वेळ गढून जाते, मोठ्या माणसाचा आवाज चढला की ते कसे मिटते, त्याला मदत केव्हा करायची आणि केव्हा हात मागे घ्यायचा. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार, १९४५ मध्ये बोर्डी, हा सारा प्रवास त्या भावनगरच्या जमिनीवरून सुरू झाला. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

म्हणजे ज्या बाईला आधी खुर्ची मिळाली, तिलाही परत फिरून वर्गात जावे लागले. फरक एवढाच की तिला ती उणीव स्वतःला कळली, आणि ती भरून काढण्यासाठी खुर्ची सोडायची हिंमत तिच्यात होती. एवढी हिंमत किती जणांत असते?

आणखी एक नाव घेतो. आचार्य अत्रे आपल्याला नाटककार, वक्ते, संपादक म्हणून माहीत आहेत. पण सुरुवातीला त्यांनी मुंबईत शाळामास्तरकी केली होती आणि पुढे पुण्याच्या लष्कर भागातल्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते दीर्घकाळ मुख्याध्यापक होते. लंडनला जाऊन त्यांनी अध्यापनाची पदविकाही घेतली. त्या शाळेतून महाराष्ट्राला काय मिळाले? ‘नवयुग वाचनमाला’. मुलांच्या हातात जी क्रमिक पुस्तके होती त्यांची भाषा मुलांची नव्हती, आणि धडा चालू असताना मुले कुठे जांभया देतात हे वर्गात उभे राहिलेल्या मास्तराला समोर दिसत असते.

उलट बाजूने कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण देता येईल. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, पण ते काही शाळेतले नोकरदार शिक्षक नव्हते. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले होते. ते खरेच आहे. पण त्याआधी साताऱ्यात ते मुलांच्या शिकवण्या घेत आणि लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत, हेही तितकेच खरे. आणि संस्था थोडी स्थिरावताच १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. शाळा पसरायच्या तर आधी वर्गात उभा राहणारा माणूस तयार झाला पाहिजे, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. आमच्या पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय १९७० पासून उभे आहे, ते याच रयतेच्या वाटेवर.

अनुभव सगळाच सोन्याचा नसतो

एवढे वाचून कोणाला वाटेल, की वर्गात चार वर्षे घालवली म्हणजे उत्तम मुख्याध्यापक आपोआप तयार होतो. तसे असते तर आपल्याकडे एकही वाईट शाळा उरली नसती.

पहिली वर्षे माणसाला घडवतात, तशी बिघडवतातही. नवा शिक्षक पहिल्याच महिन्यात घाबरलेला असतो. साठ मुले, साठ तोंडे. त्यात शेजारच्या वर्गावरचे ज्येष्ठ येऊन सांगतात, “सुरुवातीलाच छडी दाखवा सर, वर्षभर त्रास नाही.” छडी दाखवली की वर्ग खरोखरच गप्प होतो. शांततेला तो शिकणे समजू लागतो. हाच शिक्षक पंचवीस वर्षांनी मुख्याध्यापक झाला की व्हरांड्यातून फिरताना ज्या वर्गातून आवाज येत नाही त्याला चांगला म्हणतो, आणि ज्या वर्गात मुले बोलतात, भांडतात, विचारतात, तिथल्या तरुण शिक्षिकेला केबिनमध्ये बोलावतो. पहिल्या वर्षाची भीती अशी पंचवीस वर्षांनी दुसऱ्याच्या माथी येते.

म्हणून वर्ग मिळणे पुरेसे नाही, त्या वर्गाचा अर्थ लावायला शेजारी कोणीतरी लागते. अनुताईंना ताराबाई मिळाल्या, ताराबाईंना गिजुभाई मिळाले. आज मूल का आले नाही, आजचा धडा का फसला, असे संध्याकाळी बसून बोलायला माणूस मिळाला म्हणजे दिवसाचे रूपांतर अनुभवात होते. नाहीतर दिवस नुसते जातात, आणि सेवापुस्तकात वेतनवाढीची नोंद तेवढी पडत राहते.

आजचे शिक्षणसेवक, उद्याचे मुख्याध्यापक

आता आपल्या आजच्या व्यवस्थेकडे पाहू. कायद्याला अनुभवाचे महत्त्व कळलेले नाही असे नाही. खासगी शाळांसाठीची १९८१ ची सेवाशर्ती नियमावली पाहा. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला पदवी आणि बी.एड.बरोबर किमान पाच वर्षांचा शिकवण्याचा अनुभव लागतो, आणि निवड साधारणपणे सेवाज्येष्ठतेने होते. म्हणजे वर्षे मोजली जातात. पण वर्षांत काय झाले ते मोजायची सोय कुठल्याच नियमात नसते, आणि ते नियमांचे कामही नव्हे.

दुसरीकडे, शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या निकषांप्रमाणे प्राथमिक शाळेत दीडशेहून जास्त मुले असली तर स्वतंत्र मुख्याध्यापक. त्यापेक्षा लहान शाळेत काय होते? दोघांतला जो ज्येष्ठ तोच मुख्याध्यापक. तोच वर्ग घेतो, तोच खिचडीचा तांदूळ मोजतो, तोच ऑनलाइन माहिती भरतो आणि तोच तालुक्याला बैठकीलाही जातो. बैठकीच्या दिवशी उरलेला एक शिक्षक चार वर्ग सांभाळतो.

आणि जो नव्याने येतो तो शिक्षणसेवक. २००० साली ही योजना आली. पहिली तीन वर्षे ठरावीक मानधन, मग कायम. जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. त्याआधी बरीच वर्षे ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होते. ज्या तीन वर्षांत उद्याचा मुख्याध्यापक घडतो, नेमकी तीच तीन वर्षे आपण सर्वांत स्वस्तात उरकायची ठरवली आहेत. बँकेतल्या माणसाला भांडवल म्हणजे काय ते कळते, म्हणून सांगतो, हा खर्च नव्हे, ही गुंतवणूक आहे, आणि तिच्यात काटकसर केली की व्याज पंचवीस वर्षे उलटे भरावे लागते.

पैशाइतकीच दुसरी गोष्ट आहे ती वागणुकीची. नव्या माणसाला कोणता वर्ग मिळतो? जो दुसऱ्या कोणालाच नको असतो तो. कोणते तास? जे उरलेले असतात ते. निवडणुकीच्या याद्या, सर्वेक्षण, स्नेहसंमेलनाचा मांडव, हे सगळे ‘तरुण आहेत, करतील’ म्हणून त्याच्याच गळ्यात. त्याच्या वर्गात कोणी मागच्या बाकावर येऊन बसते का? बसले तर शेरा लिहिण्यासाठी बसते की मदतीसाठी? या प्रश्नांच्या उत्तरांवर २०५० सालच्या आपल्या शाळा अवलंबून आहेत.

पनवेलला तर हा प्रश्न विशेष जवळचा आहे. १९७० मध्ये सिडको आली, मग नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर उभे राहिले. २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. जिकडे इमारती उठल्या तिकडे शाळाही उठल्या. काचेच्या दारांच्या, वातानुकूलित कचेऱ्यांच्या. त्यांच्या जाहिरातींत पोहण्याचा तलाव असतो, संगणक असतात, प्राचार्यांच्या पदव्या असतात. आणि त्याच तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर दोन खोल्यांच्या शाळाही आहेत. या दोन टोकांना जोडणारी एकच वस्तू आहे, वर्गात पहिल्यांदा उभा राहिलेला बावीस-तेवीस वर्षांचा तरुण किंवा तरुणी. घाबरलेली, उत्साही आणि बहुधा एकटी.

त्यासाठी फार मोठ्या सुधारणा लागत नाहीत. पहिल्या तीन वर्षांत नव्या शिक्षकाला एक तरी लहान वर्ग मिळावा, कारण पहिलीच्या मुलापुढे पदवीचा काही उपयोग होत नाही आणि माणूस नम्र होतो. त्याच्या जोडीला एक अनुभवी, मायाळू ज्येष्ठ असावा आणि आठवड्यातून अर्धा तास दोघांनी निवांत बोलावे. वर्षातून एकदा तरी त्याने वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी जावे, माहितीचे तक्ते भरायला नव्हे, नुसते बसून चहा प्यायला. आणि जो मुख्याध्यापक झाला आहे त्याने, कितीही कामे असोत, रोज एक तास कुठल्यातरी वर्गावर जावे. खडूची धूळ बोटांना लागलेली असली की खुर्चीतून काढलेले हुकूमही जरा माणसाळलेले निघतात.

आणि आपण पालकांनी काय करावे? आपल्या हातातही एक गोष्ट आहे. पुढच्या खेपेला त्या बाकावर बसून आत बोलावणे आले, की शुल्क किती, बस कुठे थांबते, दहावीचा निकाल काय, हे सगळे जरूर विचारा. पण त्याबरोबर एक प्रश्न आणखी विचारा: सर, किंवा बाई, तुम्ही सगळ्यात आधी कोणत्या वर्गाला शिकवलेत?

काही जण चमकतील. काही जण पदव्या सांगू लागतील. पण एखादी बाई हातातले पेन खाली ठेवतील, खुर्चीत मागे टेकतील आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या मुलाचे नाव घेतील, आडनावासकट. त्या शाळेत मुलाचे नाव घालायला हरकत नाही.